कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे: बोगद्यांवर पैसे वाचवू नका

भट्टीवाला (शिरोली, कोल्हापूर)

या मार्गाचा विषय निघाला की आपण सगळे एकच विचारतो: कधी होणार? २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी घोषणा केली. पुढं केंद्राच्या पीएम गतिशक्ती योजनेतल्या नेटवर्क प्लॅनिंग ग्रुपची शिफारस आली. सुमारे १०८ किलोमीटर लांबी, तीन-साडेतीन हजार कोटी खर्च हे आकडे आता सगळ्यांना पाठ झालेत. मला आज "कशी होणार" यावर बोलायचंय, कारण एकदा डोंगर फोडला की तो परत फोडायला कुणी पैसे देत नाही.

मी फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, काम करतो. आमच्या साच्यांना लागणारी सिलिका वाळू कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याकडून येते. कोकणातली वाळू, ट्रकनं घाट चढून, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत. पावसाळ्यात दरड आली, घाट बंद झाला की फेरा वाढतो, भाडं वाढतं आणि भिजलेली वाळू वाळवायला इंधन जाळावं लागतं ते वेगळंच. वैभववाडी–गगनबावडा रस्त्यावरचा करूळ घाट तर रस्त्याच्या कामासाठी वर्षभराहून जास्त बंद होता.

आता रेल्वेनं वैभववाडीला जायचं म्हटलं तर काय? एक तर मिरज–लोंढा–कॅसलरॉक–मडगाव करून परत उत्तरेला यायचं, नाहीतर पुणे–पनवेल–रोहा असा अर्धा महाराष्ट्र हिंडायचा. म्हणून ही लाईन पाहिजेच, त्यात वाद नाही.

मुद्दा उंचीचा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. वैभववाडी शे-दीडशे मीटरवर. मधला माथा त्याहून उंच. म्हणजे मालगाडीला निदान चार-साडेचारशे मीटर चढायचंय, आणि हा सगळा चढ कोकणाच्या अंगाला एका कड्यात साठलाय. वैभववाडी ते गगनबावडा रस्त्यानं वीसेक किलोमीटर. तेवढ्यातच रूळ बसवले तर ४० मीटरला १ मीटरच्या आसपास चढ येतो. बोरघाट आणि थळघाटात ३७ ला १ आहे. १०० ला १ असा चढ ठेवायचा तर तेवढीच उंची गाठायला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर रूळ लागतो. तो जादा रूळ डोंगराच्या सोंडांमधून, म्हणजे बोगद्यांतूनच न्यावा लागणार.

पैसे वाचवायची वेळ आली की पहिली कात्री याच बोगद्यांना लागेल, अशी मला भीती वाटते. लांबी कमी करा, चढ वाढवा, मागं इंजिन लावून ढकला. तसं झालं तर प्रवासी गाडी कशीबशी जाईल. माल मात्र ट्रकनंच जाईल आणि आपण पुढची शंभर वर्षं घाटातच अडकू. जाणकारांनी बोलावं.

---

तिकीटखिडकी

भावा, एकदम बरोबर विषय काढलास. हिशेब मांडतो.

५८ वाघिणींचा भरलेला रेक म्हणजे ढोबळ पाच हजार टन धरू. ३७ ला १ चढावर नुसतं गुरुत्वाकर्षण त्या गाडीला सुमारे १३५ टनांच्या जोरानं मागं ओढतं. १०० ला १ वर ते ५० टन होतं. कोकण रेल्वेनं जो १५० ला १ चढ पाळलाय, त्यावर ३३ टन. चाकांचं घर्षण यात धरलेलं नाही. डब्ल्यूएजी-९ सारखं विजेचं इंजिन गाडी हलवताना साधारण ४६ टनांची ओढ देतं, वेग घेतल्यावर त्याहून कमी.

म्हणजे १०० ला १ वर दोन इंजिनांत काम होतं. ३७ ला १ वर चार-पाच इंजिनं तरी लावा, नाहीतर रेक तोडून दोन खेपा करा. आणि सगळी इंजिनं पुढं जोडून चालत नाही, कपलर तुटेल, म्हणून काही मागून ढकलायला लावतात. कर्जतला थांबून मागं बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लागताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या जोडण्या-सोडण्यात वेळ जातो, इंजिनं अडकतात, माणसं अडकतात. उतरताना तर जास्त काळजी. ब्रेकच्या तपासण्या, वेगावर बंधन, आणि सुटलेली गाडी अडवायला कॅच सायडिंग.

कॅसलरॉक–कुळे घाटाचीही हीच गत आहे, चढ तोच, ३७ ला १. आपल्या भागातून गोव्याकडं जाणारी मालगाडी आज त्याच घाटातून जाते.

---

पोर्टल_ते_पोर्टल

मी आयुष्यभर बोगद्यांच्या कामांवर होतो, त्यातला मोठा काळ कोकणात गेला. भट्टीवाला यांनी मांडलेली भीती रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जुनी गोष्ट. बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं, १८६३ ला संपलं. २५ बोगदे, सगळे हातानं पहार मारून आणि काळ्या दारूनं फोडलेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन थोड्याच काळात वारले, त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट सांभाळून काम तडीस नेलं. हजारो मजूर पटकी-तापानं आणि अपघातांनी मेले. त्या काळी लांब बोगदा खोदणं परवडणारं नव्हतं. हवा खेळवायची सोय नाही, यंत्रं नाहीत. म्हणून त्यांनी चढ तीव्र ठेवला आणि गाडीची दिशा उलटवायला रिव्हर्सिंग स्टेशन केलं. ती त्यांची मजबुरी होती, आपली नाही.

कोकण रेल्वेनं १९९० मध्ये काम हाती घेतलं तेव्हा ई. श्रीधरन यांच्या चमूनं उलटा विचार केला. चढ आणि वळणं आधी पक्की केली आणि डोंगर आडवा आला तिथं बोगदा धरला. नव्वदच्या वर बोगदे, एकूण ८० किलोमीटरपेक्षा जास्त, त्यात रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला.

आता सह्याद्रीच्या पोटात काय आहे ते सांगतो. लोक म्हणतात काळा कातळ आहे, एकदा फोडला की उभा राहतो. अर्धं खरं आहे. आपला बेसाल्ट लाव्ह्याच्या एकावर एक थरांनी झालाय. एका थराचा घट्ट कातळ खरंच छान उभा राहतो, बोरघाटातले कित्येक बोगदे अस्तराशिवाय उभे आहेत. पण दोन थरांच्या मध्ये बरेचदा तांबड्या मातीचा पट्टा असतो, कुठं वीतभर, कुठं पुरुषभर. कोरडा असेपर्यंत गप्प बसतो. पाणी लागलं की लोण्यासारखा होतो. बोगद्याच्या माथ्याशी तो आला तर वरचा कातळ अख्ख्या फरशीसारखा सुटतो. शिवाय थराचा वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र, त्यातून पाणी वाहतं. आणि अगदी वर, माथ्यावर, जांभा.

म्हणून खोदाईची एक फेरी कशी चालते ते समजून घ्या. समोरच्या कातळाला आम्ही फेस म्हणतो. त्यावर सर्व्हेवाला खुणा करतो. जंबो ड्रिल भोकं पाडतं, दारू भरतात, माणसं मागं घेतात, सुरुंग उडतो. मग पंख्यानं धूर बाहेर काढेपर्यंत थांबायचं. त्यानंतर सर्वांत धोक्याचं काम: लटकलेले दगड पाडणं. ते झालं की मलबा उचलायचा, भूवैज्ञानिकानं नवा फेस पाहून कातळाचा दर्जा ठरवायचा आणि त्याप्रमाणं आधार द्यायचा. चांगल्या कातळात रॉक बोल्ट (कातळात बसवलेल्या सळ्या) आणि शॉटक्रीटचा (फवारलेल्या काँक्रीटचा) पातळ थर पुरतो. कच्च्यात पोलादी कमानी लावाव्या लागतात. एका फेरीत दोन-तीन मीटर पुढं गेलो तर दिवस चांगला गेला म्हणायचं. कच्च्या जागी एका मीटरला आठवडा जातो.

गोव्यातला पेडण्याचा बोगदा ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगावं लागत नाही. लांबीला मोठा नाही, पण कातळ नाहीच, पाण्यानं भरलेली मऊ माती. पुन्हा पुन्हा ढासळला. कोकण रेल्वेचा शेवटचा अडथळा तोच होता. आणि गाड्या सुरू होऊन वीस-पंचवीस वर्षं झाल्यावरही २०२० च्या ऑगस्टमध्ये त्याची भिंत कोसळली, २०२४ च्या जुलैमध्ये आत पाणी शिरून वाहतूक थांबली.

म्हणून आपल्या मार्गाबद्दल माझं ठाम मत असं: अंदाजपत्रकावर भांडण्याआधी भोकं पाडून घ्या. माथ्यावरून खाली बोअर घेऊन तांबडे पट्टे कोणत्या उंचीला आहेत हे कळलं, तर रुळाची पातळी दहा-वीस मीटर वर-खाली करून बोगदा सलग घट्ट थरातून नेता येतो. लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे असल्याचा हा फायदा आहे. तपासणीवर घातलेला पैसा खोदाईत कित्येक पटींनी परत मिळतो.

---

करूळकर

वैभववाडीहून लिहितोय. काकांनी बोगद्याच्या आतलं सांगितलं, मी तोंडावरचं सांगतो.

२२ जून २००३ ची रात्र आमच्या तालुक्यात कोणी विसरलेलं नाही. कटिंगमधून दगड रुळावर आले, कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीतली विशेष गाडी बोगद्याच्या तोंडाशी घसरली. पन्नासहून जास्त माणसं गेली. बोगदा शाबूत होता. मारलं ते त्याच्या अलीकडच्या उघड्या कटिंगनं.

त्यानंतर कोकण रेल्वेनं जाळ्या मारल्या, उतार छाटले, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक कडक केलं, गस्त वाढवली. पण आमच्या बाजूला गगनबावड्याचा पाऊस पडतो हे ध्यानात घ्या. वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर. कड्याच्या अंगानं खोल कटिंग करून, दोन बोगद्यांच्या मध्ये उघडे तुकडे ठेवून लाईन नेली तर दर पावसाळ्यात तिथं दगड येणारच. बोगदा शंभर-दोनशे मीटर लांबवला आणि तोंड घट्ट कातळात आणलं तर तो धोका कायमचा जातो.

आमका गाडी व्हयीच. इथल्या माणसाला मोठ्या दवाखान्यासाठी कोल्हापूर किंवा गोव्यातली बांबोळी गाठावी लागते. रात्री घाटातून अ‍ॅम्ब्युलन्स नेताना घरच्यांची काय अवस्था होते ते आम्ही बघतो. पण गाडी व्हयी ती सुखरूप जाणारी.

---

भट्टीवाला

करूळकर, बरं झालं तुम्ही लिहिलंत. मी मालाचंच बोलत होतो, हा मुद्दा त्याहून मोठा आहे.

पोर्टलकाका, एक शंका. मशीननं का नाही खोदायचं? उत्तराखंडातल्या ऋषिकेश–कर्णप्रयाग मार्गावर टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारं यंत्र, लावलं आहे असं वाचलं.

---

पोर्टल_ते_पोर्टल

हो, तिथं देवप्रयाग–जनासू दरम्यानचा साडेचौदा किलोमीटरचा बोगदा टीबीएमनं खोदला, २०२५ च्या एप्रिलमध्ये आरपार झाला. त्या मार्गाच्या सुमारे १२५ किलोमीटरपैकी १०५ किलोमीटर बोगद्यांत आहे, त्यामुळं मशीन परवडतं. टीबीएम आणायला, जोडायला, त्याच्या काँक्रीटच्या कड्या ओतायचा कारखाना उभा करायला मोठा खर्च येतो. सलग सात-आठ किलोमीटरच्या खाली तो सहसा वसूल होत नाही. आपल्याकडं एक-दीड किलोमीटरचे बरेच बोगदे आले तर ड्रिल आणि सुरुंगच बरा. एक मुख्य बोगदा खूप लांब ठेवायचं ठरलं, तर मशीनचा विचार जरूर व्हावा.

मात्र टीबीएमचं दुखणंही माहीत असू दे. अनपेक्षित पाणी किंवा चिरडलेला कातळ आला तर ते अडकतं आणि मागं घेता येत नाही. तपोवन–विष्णुगड जलविद्युत प्रकल्पात २००९ च्या डिसेंबरमध्ये जोशीमठजवळ मशीननं डोंगरातला पाण्याचा साठा फोडला आणि प्रचंड पाणी वाहून गेलं.

---

झरा_आणि_जांभा

वरच्या शेवटच्या वाक्यावरच मला बोलायचंय. मी भूगोल शिकवते, माहेर बावड्याकडचं.

गगनबावडा तालुक्यात एवढा पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये वाड्या-वस्त्यांवर पाण्याची ओढ असते. कातळ पाणी धरत नाही. जे धरतो ते वरचा जांभा आणि ते सच्छिद्र थर, आणि ते पाणी तांबड्या पट्ट्यावर अडून झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. म्हणजे काका ज्या थराला बोगद्याचा शत्रू म्हणतात, त्याच थरावर आमची गावं पाणी पितात. बोगद्यानं तो थर कापला की पाणी झऱ्याकडं जायचं सोडून बोगद्याच्या गटारात येईल. इंजिनिअर पंप लावून ते बाहेर काढेल, काम पुढं जाईल. वाडीवरच्या बाईला मात्र वर्षभरानं कळेल की झरा आटलाय, आणि तेव्हा तो आधी किती वाहत होता याची नोंद कुणाकडंच नसेल.

मी रेल्वेविरोधी नाही. राधानगरी अभयारण्य, दाजीपूरचं जंगल, त्यातून तिलारीपर्यंत जाणारी वाघांची वाट या सगळ्याचा विचार केला तर उघड्या कटिंगपेक्षा बोगदा कितीतरी बरा. वर जंगल तसंच राहतं, गवा वरून जातो. गोव्याकडच्या कॅसलरॉक–कुळे दुपदरीकरणाचं काय झालं ते आठवा. मोलेचं जंगल तोडावं लागणार होतं म्हणून लोक रस्त्यावर आले आणि २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. आपला प्रकल्प न्यायालयात अडकायला नको असेल, तर झऱ्यांची मोजणी आणि मलबा टाकायच्या जागा कामाआधी ठरायला हव्यात. बोगद्यातून निघालेला दगड कुंभीच्या किंवा शुकनदीच्या ओढ्यात ढकलला, तर पुराचं पाणी आपल्याच अंगावर येईल.

---

तिकीटखिडकी

ताई, मलब्याचा मुद्दा पटला. पण त्यातला चांगला बेसाल्ट खडी म्हणून इथंच वापरता येईल. रुळाखाली खडी लागतेच, काँक्रीटला लागते. नवीन खाणी कमी उघडाव्या लागतील.

आणि भट्टीवाला, तुझ्या मुद्द्याला जगातलं मोठं उदाहरण आहे. स्वित्झर्लंडचा जुना गोथार्ड मार्ग १८८२ चा. माथ्यावर १५ किलोमीटरचा बोगदा, पण तिथवर चढायला डोंगराच्या पोटात गोल गिरक्या घेणारे बोगदे, आणि चढ जवळजवळ आपल्या बोरघाटाएवढाच. शंभरावर वर्षं मालगाड्यांना जादा इंजिनं लावून चढवल्या. शेवटी त्यांनी पायथ्यातून ५७ किलोमीटरचा नवा बोगदा खोदला, २०१६ मध्ये सुरू केला. कशासाठी? तर जड मालगाड्या ट्रकांशी टक्कर देऊ शकाव्यात म्हणून. त्या बोगद्याचा सर्वांत उंच बिंदू समुद्रसपाटीपासून ५४९ मीटर, जवळपास आपल्या कोल्हापूरच्याच उंचीला. एवढा श्रीमंत देशसुद्धा दुसऱ्यांदा डोंगर फोडायला शतकभर थांबला. आपल्याला दुसरी संधी कुठून मिळणार?

---

पंचगंगेकाठी

सगळं वाचलं. एक साधा प्रश्न. एवढे लांब बोगदे आणि एकेरी लाईन, आत गाडी बंद पडली, आग लागली तर प्रवाशांनी काय करायचं? उत्तराखंडातल्या सिल्क्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते तो २०२३ चा नोव्हेंबर अजून डोळ्यांसमोर आहे.

---

पोर्टल_ते_पोर्टल

योग्य प्रश्न. काश्मीरच्या उधमपूर–श्रीनगर–बारामुल्ला मार्गावर लांब बोगद्यांना समांतर सुटकेचा बोगदा आहे, ठराविक अंतरावर मुख्य बोगद्याला जोडलेला. लोक पायी बाहेर पडतात आणि मदतीची गाडी आत येते. त्याचा दुसरा उपयोग खोदताना होतो. समांतर बोगदा थोडा पुढं ठेवला की पुढचा कातळ आधी कळतो, आणि मधून आडवं खोदून मुख्य बोगद्याचे जादा फेस उघडता येतात, काम लवकर होतं. लहान बोगद्यांना याची गरज नसते, तिथं भिंतीतल्या आडोशाच्या जागा आणि कडेची पायवाट पुरते.

उतारही एका बाजूला किंवा मधून दोन्हीकडं ठेवावा लागतो, म्हणजे पाणी पंपाशिवाय आपोआप बाहेर जातं. आत खडीऐवजी काँक्रीटवर रूळ टाकले तर देखभालीला माणसं आत कमी पाठवावी लागतात.

आणखी एक. बोगद्याचं माप एकदाच ठरतं. विजेची तार, उंच कंटेनर, पुढंमागं ट्रक वाघिणीवर चढवून नेणारी रो-रो सेवा, यांचा विचार आराखड्यातच हवा. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर हरियाणात सोहन्याजवळ अरवलीतून बोगदा काढला, तो विजेच्या तारेखालून दुमजली कंटेनर जाईल एवढा उंच ठेवलाय. आपल्याला दुमजली लागेल की नाही हे उद्योगांनी आत्ता सांगायला पाहिजे. वीस वर्षांनी छत खरवडता येत नाही.

---

करूळकर

दुपदरीचं काय? कोकण रेल्वेचा मोठा भाग अजून एकेरी आहे आणि गणपतीत गाड्या क्रॉसिंगला तासन्‌तास उभ्या असतात. तिथं दुसरा रूळ टाकायचा तर दुसरे बोगदे खोदावे लागणार.

---

पोर्टल_ते_पोर्टल

पहिल्याच दिवशी दुहेरी मंजूर होणं कठीण आहे. पण निदान घाटातल्या स्थानकांवर पूर्ण लांबीच्या मालगाडीला उभं राहायला लूप, म्हणजे बाजूचे रूळ, हवेत, आणि दुसऱ्या बोगद्यासाठी शेजारची जमीन आत्ताच घ्यावी. सुटकेचा बोगदा केला तर तोच पुढं रुंद करून दुसरी लाईन करता येते, त्या दृष्टीनं त्याचं अंतर आणि पातळी आखायला हवी.

---

भट्टीवाला

मिरजेपासून कोल्हापूरला रूळ आणायची पायाभरणी १८८८ ला झाली, शाहू महाराज तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. १८९१ ला गाडी आली. संस्थानाच्या पैशानं. तेव्हापासून कोल्हापूर शेवटचं स्टेशन आहे. रूळ इथंच थांबतात. गुळाची पेठ, साखर कारखाने, इचलकरंजीचं कापड, आमच्या भट्ट्या, हे सगळं त्या एका टोकावर उभं राहिलं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा एका बाजूनंच जोडलेलं शहर कसं कोंडतं ते आपण भोगलंय.

चर्चेतून मी एक निवेदन लिहायला घेतलंय. दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांना आणि रेल्वे मंत्रालयाला पाठवायचं. मागण्या अशा: घाटातला कमाल चढ १०० ला १ पेक्षा तीव्र नको आणि तो आकडा जाहीर करा. माथ्यावरचे बोअर आणि कातळाचा अहवाल निविदेआधी पूर्ण करा. बोगद्यांची तोंडं दरडीच्या पट्ट्यापासून लांब, घट्ट कातळात ठेवा, त्यासाठी लांबी वाढली तरी चालेल. झऱ्यांची मोजणी ग्रामपंचायतींना बरोबर घेऊन करा. घाटातले लूप मालगाडीच्या पूर्ण लांबीचे ठेवा.

फौंड्रीवाल्यांकडून वाळू, पिग आयर्न आणि कोकचं महिन्याचं टनेज गोळा करायचं काम माझं. आकडा हातात असल्याशिवाय मालवाहतुकीचं कुणी ऐकून घेत नाही.

---

झरा_आणि_जांभा

झऱ्यांच्या नोंदी मी घेते. शाळेतली मुलं बरोबर येतील. बादली आणि घड्याळ लागतं, एवढंच. बादली किती सेकंदात भरली ते दर पंधरवड्याला लिहायचं, जागेचा फोटो काढायचा, पाणी वापरणाऱ्या घरांची संख्या घ्यायची. करूळकर, घाटाखालच्या वाड्यांची यादी तुम्ही द्याल का? पाण्याची वाट माथ्यावर संपत नाही, तुमच्या बाजूलाही मोजायला हवं.

---

करूळकर

देतो. करूळ आणि भुईबावडा या दोन्ही अंगांच्या वाड्या घेऊ. आमच्या बाजूची मोजणी आम्ही करू, तुम्ही फक्त नोंदवहीचा नमुना पाठवा, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी सारख्या राहतील. दिवाळीनंतर सुरू केलं तर मेपर्यंतचा पहिला उन्हाळा हातात येईल.

---

पोर्टल_ते_पोर्टल

भट्टीवाला, निवेदनात एक ओळ वाढवा: सुटकेच्या बोगद्याचा निर्णय मुख्य बोगद्याच्या निविदेबरोबरच व्हावा. नंतर वेगळा काढला की खर्च दुप्पट सांगतात आणि तो राहून जातो. मसुदा इथं टाका, तांत्रिक भाग मी तपासून देतो.